पैसे कुणी दिले, एवढंच विचारून भागत नाही

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



विज्ञान आणि पैसा या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. मी शास्त्रज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. त्यामुळे सुरुवात माझ्याच कामापासून करतो, आणि तीही एका कबुलीने.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या तेव्हाच्या कंपनीने मला एक काम दिलं. आमचं एक सॉफ्टवेअर होतं आणि बाजारात त्याला एक प्रतिस्पर्धी होता. दोन्हींचा वेग मोजायचा आणि ग्राहकांना दाखवायला अहवाल तयार करायचा. मी मनापासून मोजमाप केलं. दहा चाचण्या घेतल्या. सहांमध्ये आम्ही पुढे होतो, चारांमध्ये मागे. मॅनेजर म्हणाले, "या चार गोष्टी आपल्या ग्राहकांना फारशा लागत नाहीत, काढून टाक." मी काढल्या. अहवालात सहा आलेख गेले, सहाही खरे. एकही आकडा मी बदलला नव्हता. त्या वर्षी मला बोनस चांगला मिळाला.

मी खोटं बोललो का? आकडे तपासायला कुणी आलं असतं तर एकही चूक सापडली नसती. पण अहवाल वाचणाऱ्याची दिशाभूल झाली, हे मला तेव्हाही कळत होतं. उद्योगांच्या पैशावर होणाऱ्या संशोधनात हितसंबंधांचा प्रश्न येतो तो असाच. बनावट आकडे, पैशांनी भरलेली पाकिटं असले प्रकार होतात, पण क्वचित. जास्त वेळा तो माझ्यासारख्या बऱ्यापैकी प्रामाणिक माणसाच्या हातून, सगळे आकडे खरे ठेवून होतो.

आपल्यापैकी अनेकांनी मदरशात किंवा घरी थोडंफार फिकह ऐकलेलं असेल. हनफी फिकहमध्ये बापाने मुलाच्या बाजूने दिलेली साक्ष ग्राह्य धरत नाहीत. बाप खोटारडा आहे असं त्यात कुणी म्हणत नाही. तो सज्जन असेल, नमाजी असेल, खरंच बोलत असेल. तरी त्याचं मन एका बाजूला ओढलेलं आहे, म्हणून त्याची साक्ष बाजूला ठेवायची, एवढंच. इथे चारित्र्याचा निवाडा नाही, जागेचा आहे. आमच्या क्षेत्रातही आपण लिहिलेला कोड आपणच मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने पाहायचा, असा नियम असतो. कितीही हुशार इंजिनिअर असला तरी. विज्ञानाच्या जगात हाच नियम लागू व्हायला फार वेळ लागला. त्याची किंमत लोकांनी मोजली.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू.

१९६० च्या दशकात अमेरिकेत हृदयविकार वाढला होता. आहारातला दोषी कोण, यावर वाद होता. काही संशोधक चरबीकडे बोट दाखवत होते, काही साखरेकडे. १९६५ साली अमेरिकेच्या साखर उद्योगाच्या 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने हार्वर्डच्या आहारशास्त्र विभागातल्या संशोधकांकडून एक आढावा लिहून घ्यायचं ठरवलं. आढावा म्हणजे नवा प्रयोग नव्हे. आधी झालेले अभ्यास वाचायचे, कोणता भक्कम आणि कोणता कच्चा ते सांगायचं, आणि निष्कर्ष काढायचा. डॉक्टर आणि सरकारं असले आढावे वाचून मत बनवतात, म्हणून त्यांचं वजन मोठं. या कामाचे ६,५०० डॉलर दिले गेले. २०१६ च्या हिशेबाने ते जवळपास ५० हजार डॉलर होतात.

दोन भागांतला हा आढावा १९६७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात आला. साखरेविरुद्धचे अभ्यास त्यात कच्चे ठरवले गेले आणि आहारात बदलायची मुख्य गोष्ट म्हणजे चरबी, असं सांगितलं गेलं. साखर उद्योगाने पैसे दिल्याचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. तशी सक्तीही नव्हती. हितसंबंध जाहीर करण्याचा नियम त्या नियतकालिकाने १९८४ साली आणला.

पन्नास वर्षं ही गोष्ट कागदपत्रांच्या पेट्यांमध्ये पडून होती. क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्य असलेल्या संशोधिकेने विद्यापीठांच्या संग्रहांमधून तो पत्रव्यवहार शोधून काढला, आणि २०१६ साली सहकाऱ्यांसोबत तो प्रसिद्ध केला. त्यातून दिसतं, की उद्योगाच्या अधिकाऱ्याने उद्देश आधीच कळवला होता, कोणते लेख पाहावेत ते पाठवले होते, छापण्यापूर्वी मसुदा पाहिला होता, आणि आम्हाला असंच हवं होतं अशा अर्थाचं उत्तर लिहिलं होतं.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी पुन्हा चार चाचण्या लपवतोय असं होईल. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात दोन अभ्यासकांनी लिहिलं, की याला कटकारस्थान म्हणणं चूक आहे. त्या काळी उद्योगाकडून पैसे घेणं सर्रास चालायचं, आणि या संशोधकांचं चरबीबद्दलचं मत पैसे मिळण्याच्या आधीपासूनच तसं होतं. शिवाय चरबीचा मुद्दा निराधार होता असंही नाही.

मला हा आक्षेप पटतो. आणि तो पटल्यावर मला जास्त काळजी वाटते. कारण याचा अर्थ असा, की कुणाला विकत घेण्याची गरजच नसते. आपल्याला सोयीचं मत ज्याचं आधीपासून आहे, तो माणूस शोधायचा आणि त्याच्या हातात माईक द्यायचा. तो मनापासून बोलेल, आणि मनापासून बोलणारा माणूस लोकांना पटतो.

पैसा संशोधनात कोणकोणत्या वाटांनी शिरतो, ते आता पाहू. मला चार वाटा दिसतात.

पहिली वाट, माणूस निवडण्याची. ती आत्ताच पाहिली.

दुसरी वाट, प्रश्न निवडण्याची. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास छापून आले होते आणि धंदा धोक्यात होता. त्यांनी एका जनसंपर्क कंपनीचा सल्ला घेतला. सल्ला असा होता, की विज्ञानाला विरोध करू नका, विज्ञानाला पैसे द्या. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली. लोकांचं आरोग्य आम्हाला महत्त्वाचं आहे, आणि आम्ही संशोधनाला मदत करणार आहोत, असा तिचा आशय होता. त्यानंतर त्यांच्या संशोधन समितीने वर्षानुवर्षं अनेक नावाजलेल्या शास्त्रज्ञांना अनुदानं दिली. त्यातलं बरंचसं संशोधन चांगलंही होतं. फक्त ते कर्करोगाच्या इतर कारणांकडे वळलेलं होतं. उत्तरात फेरफार करावी लागत नाही, प्रश्नच दुसरा विचारायचा. १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर स्पष्टच म्हटलं होतं, की शंका हेच आपलं उत्पादन आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

तिसरी वाट, तुलना आणि मोजमाप निवडण्याची. औषधाची तुलना कशाशी करायची? प्रतिस्पर्धी औषधाशी केली, तर त्याचा डोस किती ठेवायचा? परिणाम सहा आठवड्यांनी मोजायचे की पाच वर्षांनी? प्रत्येक निर्णयाला वरवर पटणारं कारण असतं. माझ्या मॅनेजरकडेही होतं.

चौथी वाट, निकाल दडपण्याची. त्याच साखर संस्थेने १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगाला पैसे दिले होते. साखरेकडे बोट दाखवणारे संकेत मिळू लागले. काम पूर्ण करायला संशोधकाला आणखी थोडे आठवडे हवे होते. १९७० मध्ये पैसे थांबले. तो निकाल कधीच छापला गेला नाही. हेही कर्न्स आणि सहकाऱ्यांनीच २०१७ मध्ये उघड केलं. जे छापलंच गेलं नाही, ते तुम्ही कितीही वाचक झालात तरी वाचू शकत नाही.

या वाटांचा एकत्रित परिणाम मोजता येतो. १९९८ साली दोन संशोधिकांनी दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर आरोग्याला घातक आहे का, या विषयावरचे १०६ आढावा-लेख तपासले. त्यातले ३९ लेख 'घातक नाही' म्हणत होते. त्या ३९ पैकी २९ लेखांच्या लेखकांचे तंबाखू उद्योगाशी संबंध होते. २०१३ साली असाच हिशेब साखरयुक्त शीतपेयं आणि वजनवाढ यांबद्दल झाला. अन्न-उद्योगाशी हितसंबंध असलेल्या ६ निष्कर्षांपैकी ५ म्हणत होते, की पुरेसा पुरावा नाही. हितसंबंध नसलेल्या १२ पैकी १० म्हणत होते, की संबंध आहे. विषय तोच, जगात उपलब्ध असलेला पुरावाही तोच.

इथे भाषण संपवलं असतं तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. मीही बरीच वर्षं इथेच थांबत होतो. हे सगळं वाचल्यावर आपल्याला जगाचं गुपित कळलंय असं वाटायचं. मित्रांमध्ये कुठलंही संशोधन निघालं की मी विचारायचो, "पैसे कुणी दिले?" आणि विषय संपायचा.

मग २०१८ चा नोव्हेंबर आला. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांसाठी, शाळाशाळांमधून. तुम्हाला आठवत असेल, आपल्या मोहल्ल्यांमध्ये व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं. मुलं पुढे बाळं जन्माला घालू शकणार नाहीत, असं एक. लसीमुळे ऑटिझम होतो हे 'विलायतेतल्या डॉक्टरने सिद्ध केलंय', असं दुसरं. माझी आपा गोवंडीला राहते. माझी भाची तेव्हा चार वर्षांची होती. आपाने मला फोन केला. म्हणाली, "तू शिकलेला आहेस. सांग, द्यायची का सुई?"

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "आपा, कंपन्यांचा धंदा असतो हा सगळा. थोडं थांब, बघू." ऑफिसला जायची घाई होती. तिला वाटलं भाईने विचार करून सांगितलंय. लसीकरणाच्या दिवशी भाची घरी राहिली. नंतर मी काही बघितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली. गोवंडी हा तिचा केंद्रबिंदू होता. लहान मुलं दगावली. लॉकडाऊनमध्ये हुकलेलं लसीकरण, दाटीची वस्ती, कुपोषण अशी त्याची अनेक कारणं होती. आणि नकार देणारी घरंही होती. त्यातलं एक माझ्या सल्ल्याने नकार देणारं होतं. भाचीला ताप भरला, मग अंगभर पुरळ उठलं. आठ दिवस ती अंथरुणात होती. ती बरी झाली, अल्लाहचा शुक्र आहे. त्या आठ दिवसांत आपाने मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी जे चार वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. 'विलायतेतल्या डॉक्टरने' काय सिद्ध केलं होतं, ते बसून वाचलं.

डॉक्टरचं नाव अँड्र्यू वेकफिल्ड. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला. अवघ्या १२ मुलांवरचा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आणि ऑटिझम यांचा संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला. ब्रिटनमध्ये लसीकरण घटलं. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने शोध घेतला. वेकफिल्डने वकिलांमार्फत पैसे घेतले होते, आणि हे वकील लस कंपन्यांविरुद्ध खटल्याची तयारी करत होते. ती रक्कम चार लाख पौंडांहून जास्त होती. शिवाय लेखाच्या आदल्या वर्षी त्याने गोवराच्या स्वतःच्या एका लसीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. यातलं काही लेखात सांगितलेलं नव्हतं. मुलांच्या वैद्यकीय नोंदी आणि लेखातलं वर्णन यांचाही मेळ बसत नव्हता. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला आणि वेकफिल्डचा ब्रिटनमधला वैद्यकीय परवाना रद्द झाला.

म्हणजे पाहा. कंपन्यांच्या पैशावर संशय घेऊन मी ज्या अफवेला जागा दिली, तिच्यामागेही पैसाच होता. "पैसे कुणी दिले?" हा प्रश्न मी फक्त एका बाजूला विचारला होता. आणि तोही उत्तर शोधण्यासाठी नाही, विषय टाळण्यासाठी.

आता ते १९६९ चं टिपण आठवा. शंका हेच उत्पादन. सिगारेट कंपन्यांना लोकांनी सिगारेट चांगली आहे असं मानायची गरज नव्हती. "शास्त्रज्ञांचं काय, आज एक म्हणतात, उद्या दुसरं," एवढं लोक म्हणाले की त्यांचं काम झालं. सगळं विज्ञान विकलेलं आहे असं जेव्हा आपण चहाच्या टपरीवर म्हणतो, तेव्हा आपल्याला बंडखोर वाटतं. प्रत्यक्षात आपण त्यांचंच उत्पादन फुकटात वाटत असतो.

मग करायचं काय? "पैसे कुणी दिले?" हा पहिला प्रश्न ठेवायचा, आणि त्याच्यापुढे आणखी तीन विचारायचे.

पैसे कुणी दिले, हे बहुतेक लेखांच्या शेवटी छापलेलं असतं. निधी आणि हितसंबंध अशा शीर्षकाखाली. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रश्न, चाचणी सुरू होण्याआधी तिची जाहीर नोंदणी झाली होती का? भारतात औषधांच्या चाचण्यांसाठी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया' ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. काय मोजणार हे आधी लिहून दिलं, की नंतर चार चाचण्या गुपचूप वगळणं अवघड होतं.

तिसरा, निकाल छापायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क कुणाकडे होता? संशोधकाकडे, की पैसे देणाऱ्याकडे?

चौथा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: वेगळ्या देशात, वेगळ्या पैशांवर, वेगळ्या माणसांनी काम केलं तेव्हा तेच सापडलं का?

लस आणि ऑटिझमला हे प्रश्न लावून बघा. २०१९ मध्ये डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लसीमुळे ऑटिझम वाढत नाही असं आढळलं. पैसे कुणी दिले? डेन्मार्कच्या आरोग्य मंत्रालयाने आणि नोव्हो नॉर्डिस्क फाउंडेशनने. हे फाउंडेशन एका औषध कंपनीशी जोडलेलं आहे, हे खरं. पण ती कंपनी मधुमेहाच्या औषधांसाठी ओळखली जाते, गोवराच्या लसीसाठी नाही. आणि हा एकच अभ्यास नाही. वेगवेगळ्या देशांतून हेच उत्तर पुन्हा पुन्हा आलेलं आहे. लस बनवणाऱ्या कंपनीला पैसे मिळतात हे खरंच आहे. माझ्या भाचीला सुई का द्यावी याचं उत्तर मात्र त्या कंपनीच्या शब्दावर उभं नाही. हा फरक मला तेव्हा आपाला सांगता आला असता.

शेवटचं, तुमच्याबद्दल. तुमच्यातले अनेक जण इंजिनिअरिंग, फार्मसी, डेटा सायन्स करताय. आज हा प्रश्न माझ्या क्षेत्रात जोरात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचं संशोधन मोठ्या प्रमाणात त्याच कंपन्यांच्या पैशावर चालतं ज्या ती विकतात. मोहम्मद अब्दल्ला आणि मुस्तफा अब्दल्ला या दोन तरुण संशोधकांनी 'ग्रे हूडी प्रोजेक्ट' नावाच्या लेखात या कंपन्यांची विद्यापीठांना पैसे देण्याची पद्धत आणि जुन्या तंबाखू कंपन्यांची पद्धत शेजारी-शेजारी ठेवून दाखवली आहे. जरूर वाचा. उद्या तुमच्यासमोरही कुणीतरी मॅनेजर येईल आणि म्हणेल, "या चार चाचण्या काढून टाक." तो वाईट माणूस नसेल. घराचा हप्ता तुमच्याही डोक्यावर असेल.

मी आता काय करतो ते सांगतो. फार मोठं काही नाही. अहवाल लिहायची वेळ आली की कोणत्या चाचण्या घेणार ते मी आधी ईमेलने सगळ्यांना कळवतो. मग दहाच्या दहा निकाल टाकतो, आणि पहिल्याच पानावर एक ओळ लिहितो: ही तुलना ज्या कंपनीने केली आहे, तिचंच यातलं एक उत्पादन आहे. एकदा त्यावरून वाद झाला, बढती एक वर्ष पुढे गेली. पण ती ओळ राहिली.

भाची आता शाळेत विज्ञानाचे प्रयोग करते. तिचे लहानपणीचे राहिलेले सगळे डोस मागच्या खेपेला मी स्वतः सोबत जाऊन पूर्ण करून घेतले. आपाला मी तेव्हा सांगितलं, की २०१८ मध्ये मी काहीही न वाचता उत्तर दिलं होतं. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी विचारीन तेव्हा वाचून सांग."

तुमच्या घरातही कुणीतरी तुम्हाला विचारणार आहे, कारण तुम्ही शिकलेले आहात. माहीत नसेल तर "माहीत नाही, उद्यापर्यंत वाचून सांगतो," असं म्हणा. आणि उद्या खरंच वाचून सांगा.